इंजिनले हात लायेल नही

आमच्या आप्पांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात ते तात्या असतील, नाहीतर भाऊसाहेब. रिटायर झाल्यावर यूट्यूबवर एक गोरं जोडपं व्हॅनमध्ये अंडी तळताना पाहतात आणि महिन्याभरात एक जुनी गाडी दारात आणून उभी करतात, तेच ते.

आप्पांची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. 2006 चं मॉडेल, एमएच-19. आधी मिरच्या वाहायची, मग शाळेची पोरं. साठ हजारांत मिळाली. पत्रा सडलाय, टायर गुळगुळीत झालेत, सरकतं दार अर्ध्यात अडकतं, यातलं एजंटानं काहीच लपवलं नाही. शेवटी फक्त एक वाक्य टाकलं, "आप्पा, इंजिनले हात लायेल नही." तिथंच सौदा झाला. बँकेत असताना सात-बारावर एक खाडाखोड दिसली, तर ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शेतकऱ्याला चकरा मारायला लावणारा हा माणूस!

मग क्लच प्लेट गेली. रेडिएटर गळाला. वायरिंग उंदरांनी खाल्लं. दर बिलाला आप्पा म्हणतात, "हा तर वरवरचा खर्च हो..." पुढचं वाक्य गॅरेजातली पोरं एका सुरात पूर्ण करतात. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की त्या सीटवर बसून पारोळ्याला जाऊन पाहा. हात लागला नसेलही, बाकीचं अंग मात्र चांगलंच लागतं. माझ्या मेव्हण्याची बायपास झाली तेव्हा आप्पा भेटायला आले आणि त्याच्या बायकोला धीर देत म्हणाले, "नळ्याच बदलल्या ना? मग काय घाबरता! इंजिनले हात लायेल नही."

2021 साली गाडीची पंधरा वर्षं भरली आणि त्याच साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आप्पांना हा आमच्या अमळनेरच्या मंगळदेवाचा कौल वाटला. पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल त्यांना पाठ आहे. म्हणून आतला प्लायवूडचा पलंग एकही बोल्ट न ठोकता ठेवलाय. पासिंगच्या दिवशी तो ओट्यावर येतो. पंखा फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालतो आणि आंघोळ त्याच पंपाच्या नोझलखाली. पंप नवा आहे, असं आप्पा सांगतात. मी काही त्याखाली उभा राहिलेलो नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन अमळनेरला भरलं आणि लॉज भरून गेले, तेव्हा आप्पांनी एका कवीला गाडीत उतरवलं. गृहस्थ उंच. पाय रात्रभर बाहेर. सकाळी ते भारावून म्हणाले, "काय आकाश आहे हो तुमच्या खानदेशचं!" दारच लागत नव्हतं, दुसरं काय दिसणार?

बेत कायम तोरणमाळचा असतो. तापी-पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वरापर्यंत गाडी एकदा गेली. आली ती ट्रॅक्टरमागे दोर बांधून. ट्रॅक्टर आप्पांनीच कधीकाळी मंजूर केलेला. दोर हातात धरून तो शेतकरी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, बांधू खरा, पण पहिले गाडीना कागदं दाखाडा." आप्पांनी निमूट आरसी बुक काढून दिलं.

वहिनी या गाडीवर वैतागत कशा नाहीत, याचं मला नवल वाटायचं. संध्याकाळी त्या अडकलेल्या दारातून आत शिरून पलंगावर मेथी निवडत बसतात. समोर आप्पा कसला तरी पाना पुसत त्यांना तोरणमाळचा रस्ता समजावतात. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "तीस वर्षं बदल्याच बदल्या. शनिवारी रात्री यायचे, सोमवारच्या पहिल्या एसटीनं जायचे. सासू-सासरे, पोरं, दुखणीबाणी सगळं मी एकटीनं काढलं. आता सातही दिवस दारात दिसतात. गाडीनं धरून ठेवलंय तर ठेवू द्या की."

परवा मिस्त्री घरी आला. हेडगॅस्केट उडालंय, इंजिन उघडावंच लागेल म्हणाला. आप्पा मटकन ओट्यावर बसले. मिस्त्रीनंही बिचाऱ्यानं टोपी काढली. आतून वहिनींनी विचारलं, "किती दिवस लागतीन, भाऊ?"

"आठेक दिवस, वहिनी."

"महिना लावा. काही घाई नही."