रुजवातराव

नकलेचा असलेशी मुकाबला झाल्याखेरीज कागद पुढे सरकू न देणारा जुना कारकून हुजूर दफ्तराबरोबरच अस्तंगत झाला, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी कोणत्याही कचेरीच्या हिशेबखात्यात जाऊन रुजवातरावांचे दर्शन घ्यावे. (हे नाव अर्थातच सहकाऱ्यांनी बहाल केलेले; आईबापांनी ठेवलेले तितके समर्पक नव्हते.) बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांची ‘डिफ’ ही आज्ञा १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली, ती दोन फायलींतील भेद दाखवण्याच्या माफक हेतूने; तिच्या वंशजांना असा एकनिष्ठ उपासक लाभेल, हे त्या गणितज्ञाच्या स्वप्नातही आले नसेल.

रुजवातरावांचे आराध्यदैवत म्हणजे दोन फोल्डरांतील भेद दाखवणारा ‘विनमर्ज’ हा प्रोग्राम. डावीकडे सर्व्हरवरील फोल्डर, उजवीकडे पेनड्राइव्हवरील त्याची नक्कल; हे दोन्ही मार्ग शोधून भरायचे, पोटातले फोल्डरही धरावेत अशी खूण करायची, आणि थम्ब्स-डीबीसारख्या आगंतुक फायली वगळणारा फिल्टर लावायचा, हा खटाटोप जोवर दर खेपेस नव्याने करावा लागे, तोवर ताडणी आठवड्यातून एकदाच होई आणि कचेरीत शांतता नांदे. पुढे त्यांना ‘सेव्ह प्रोजेक्ट’ या कलमाचा साक्षात्कार झाला. दोन्ही मार्ग, फिल्टर, कोणत्या बाजूस हात लावण्याची मनाई, हा सारा तपशील एका चिमुकल्या फायलीत जतन होतो आणि तिच्यावर दोनदा क्लिक करताच ताडणी सुरू होते. यातली मेख अशी की, त्या फायलीत प्रश्न तेवढा साठवलेला असतो, उत्तर नव्हे. ते दरवेळी ताजे मागावे लागते, आणि विचारण्याचे श्रमच उरले नाहीत म्हटल्यावर रुजवातराव तरी किती वेळा विचारणार नाहीत?

पाहता पाहता त्यांचा डेस्कटॉप ‘नित्य’, ‘पाक्षिक’, ‘पगारपत्रके’, ‘साहेबांच्या दौऱ्यापूर्वी’ अशा ताडण्यांनी व्यापला. घरच्या संगणकावर लग्नाच्या छायाचित्रांची ‘मंगल’ नावाची ताडणी दर रविवारी चालते; “अहो, फोटो तेच आहेत, बदललो आपण!” हे पत्नीचे उद्गार त्यांनी किरकोळ फेरफार म्हणून नजरेआड केले.

एकदा मात्र पेनड्राइव्हला ‘ई’ऐवजी ‘एफ’ हे अक्षर मिळाले आणि जतन केलेले झाडून सारे मार्ग रद्दबातल झाले. त्या दिवशी रुजवातरावांनी डबा उघडला नाही. दुसऱ्यांदा, तारखांवरून ताडणी करताच शेकडो फायली भिन्न ठरल्या. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते, एवढेच त्याचे कारण होते. तीन सेकंदांहून कमी तफावतीकडे काणाडोळा करण्याची सवलत विनमर्जमध्ये आहे. ती त्यांनी मोठ्या नाखुशीने दिली आणि त्याच सकाळी चार मिनिटे उशिरा आलेल्या शिपायाकडून लेखी खुलासा मागवला.

हल्ली त्यांनी या जतन केलेल्या ताडण्यांचाच एक फोल्डर करून त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवली असून, त्या दोहोंची रुजवात घेणारी आणखी एक ताडणी सिद्ध केली आहे. ती डावीकडे ठेवली तर डावीकडे एक फाइल अधिक भरते, उजवीकडे ठेवली तर उजवीकडे, आणि दोहोंबाहेर ठेवली तर तिची नक्कलच राहत नाही. सबब हा मामला तूर्त त्यांच्याच विचाराधीन आहे.