साठ कॅप्सूलची स्मरणशक्ती

चष्मा कुठे ठेवला हे आठवेनासं झालं की पूर्वी माणूस बायकोवर खेकसायचा. आता तो मेडिकलवाल्याकडे जातो. मेडिकलवालाही काउंटरवरची बाटली अदबीनं पुढे सरकवतो. बाटलीवर झळाळणारा मेंदू, त्याच्या शेजारी संत्र्याची फोड, चार बदाम आणि काही जांभळी फळं. ही फळं आमच्या सोसायटीतल्या नानांनी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाहीत, पण त्यांच्या अर्कावाचून हल्ली त्यांचं पान हलत नाही.

नानांचा सिद्धान्त साधा आहे. वय झालं की मेंदूला गंज चढतो आणि अँटिऑक्सिडंट तो खरवडून काढतं. हे अगदीच हवेतलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण १९५६ साली डेनहॅम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं खरोखरच मांडलं होतं, की शरीरात तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे उपद्रवी मोकाट रेणू, पेशी झिजवतात आणि त्यातून म्हातारपण येतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन तो खातो सुमारे वीस टक्के. त्यात तो चरबीनं भरलेला. म्हणजे उपद्रवाला रान मोकळंच. परीक्षानळीत ई जीवनसत्त्व या रेणूंना गप्पही बसवतं. फक्त परीक्षानळीला चष्मा शोधायचा नसतो, एवढाच काय तो फरक.

माणसांवर प्रयोग झाले आणि पंचाईत सुरू झाली. १९९७ साली अल्झायमरच्या रुग्णांना ई जीवनसत्त्वाची दांडगी मात्रा दिली, तेव्हा त्यांची घसरण थोडी लांबली. झालं, बाटल्यांचे कारखाने धन्य झाले! पुढे २००५ साली सौम्य विस्मरण असलेल्या ७६९ जणांवर तीन वर्षं तोच प्रयोग झाला आणि खऱ्या कॅप्सूलवाले नि खोट्या गोळीवाले सारख्याच वेगानं अल्झायमरकडे गेले. २०१४च्या अभ्यासात आधीच अल्झायमर असलेल्यांची रोजची कामं थोडी जास्त काळ निभली, पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक नाही. २०१७ साली साडेसात हजार पुरुषांचा हिशेब आला. ई घ्या, सेलेनियम घ्या, दोन्ही घ्या, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळत नाही.

हे साडेसात हजार ज्या मोठ्या अभ्यासातून आले होते, त्यात आणखी एक गोष्ट निघाली होती. नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. मी हे नानांना सांगितलं. नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ते अमेरिकन. त्यांचं खाणंपिणं वेगळं." संशोधन बाटलीच्या बाजूनं असलं की अमेरिकन शास्त्रज्ञ, विरुद्ध गेलं की अमेरिकन खाणंपिणं. मग फिनलंडचा दाखला काढला. तिथल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी वाढला होता. नाना म्हणाले, "मी विडीही ओढत नाही." सोसायटीच्या बाकावरच्या इतरांनी माना डोलावल्या.

नानांचा हुकमाचा एक्का म्हणजे लायनस पॉलिंग. दोन नोबेलं, तीही कुणाशी वाटून न घेतलेली. हे गृहस्थ सर्दी टाळायला सी जीवनसत्त्व ग्रॅमांनी खायचे आणि ९३ वर्षं जगले. आता रसायनशास्त्राचं आणि शांततेचं नोबेल मिळालं म्हणून सर्दीवरचं मतही खरं मानायचं, तर आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना शेअर बाजारही कळतो असं धरावं लागेल. (तसं ते स्वतः धरतातच.) मल्टिव्हिटॅमिनच्या अलीकडच्या अभ्यासांत चाचणीचे गुण किंचित वाढलेले दिसले, हेही सांगून टाकतो, नाहीतर नाना कात्रण घेऊन दारात येतील. त्यातून डिमेन्शिया टळतो असं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

बरं, बाटली स्वतः काय म्हणते? मी ती नानांकडून मागून घेतली आणि उलटी केली. पुढे अंगठ्याएवढ्या अक्षरांत स्मृती, एकाग्रता, ऊर्जा. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही'. आपल्याकडे हा माल औषध म्हणून नव्हे, अन्नपूरक म्हणून विकला जातो, त्यामुळे ही ओळ छापावीच लागते. ती वाचायला भिंग लागतं. म्हणजे गिऱ्हाईक नेमकं कोण, हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

गंमत म्हणजे नाना विसरतात असं मला वाटतच नाही. त्यांना ऐकूच येत नाही. "दूध आणा" हे कानातच गेलं नाही, तर दूध आठवणार कुठून? बहिरेपणावर इलाज न करणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठं कारण आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा हेही त्याच यादीत. पण कानाला यंत्र लावलं की माणूस म्हातारा दिसतो. कॅप्सूल पोटात जाते, लोकांना दिसत नाही.

दुसरं, नाना शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे. अशा माणसाला बी-१२ कमी पडण्याची शक्यता बरीच, आणि त्या कमतरतेनं खरोखरच विसरायला होतं. वेळेत कळलं तर इलाजही आहे. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. तपासणीत सुई टोचते आणि एकावर एक फ्री मिळत नाही, म्हणून नाना अजून गेलेले नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरातही असा एखादा नाना असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा: रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या आणि मागची बाजू वर करून टेबलावर ठेवा. आणि जाता जाता कान तपासून घ्या.