राजे हॅरल्ड नीलदंत यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री हॅरल्ड गॉर्मसन, मुक्काम डेन्मार्क, शतक दहावे, यांचे सेवेशी. विनंती विशेष.

ब्लूटूथ हे साधारण १० मीटरच्या टापूत उपकरणे बिनतारी जोडणारे रेडिओतंत्र. महाराजांचे टोपणनाव ‘निळा दात’, त्यावरून त्याचे बारसे झाले. तंत्राचा जन्म १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड येथे, एरिक्सन कंपनीत. नाव १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी सुचवले. डेन टोळ्यांना एका छत्राखाली आणणारा राजा फोन आणि संगणकांनाही एकत्र आणील, हा हिशेब. नाव कामचलाऊ होते, तेच चिकटले. बोधचिन्हातही महाराजांची दोन आद्याक्षरे आहेत, रून लिपीतली, एकात एक गुंफलेली. मानधनाचा प्रश्न हजार वर्षे उशिरा निघाल्यामुळे निकाली निघाला.

आता राज्याचा हालहवाल. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वसले आहे. हा पट्टा बिनपरवान्याचा, म्हणजे गायरानच. वाय-फाय तिथेच चरते, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गुरगुरतो. टक्कर टाळायला मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारते. उड्यांचा क्रम फोनचा पत्ता आणि घड्याळ ठरवते. इअरबड त्या घड्याळाशी जुळवून घेतो. पहिल्यांदा ‘पेअर’ करताना दोघांकडे एक गुप्त किल्ली साठते, म्हणून पुढे डबीतून बड काढले की पुरते. खोक्यावर तरी तसे छापलेले असते. प्रत्यक्षात बड जुन्या ओळखीला जागून बॅगेतल्या लॅपटॉपकडे जातात, आणि फोनवरचे गाणे लोकलच्या भरल्या डब्यात सर्वांच्या कानी पडते.

महाराजांच्या प्रजेचा खरा शत्रू पाणी. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. फोन मागच्या उजव्या खिशात, बड डाव्या कानात, एवढ्याने आवाज तुटू शकतो. दादरच्या पुलावरच्या गर्दीची गोष्टच वेगळी. दोन बडांनी आपसात बोलावे म्हटले, तर मध्ये डोके येते. त्यात मेंदू किती, याच्याशी लहरींना कर्तव्य नाही.

फोन आला की अवनती होते. जुन्या पद्धतीत उत्तम आवाजाची वाट एकेरी आहे. माईक सुरू होताच ती बंद होते आणि दुहेरी, पण अरुंद वाट उघडते. गवई क्षणात डबड्यात बसल्यासारखा भासतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत याला उतारा आहे. मात्र तो फोन आणि बड दोघांनाही यावा लागतो.

याउलट वायर. तिला चार्जिंग नको, ओळखपरेड नको. तिचा अवगुण एकच, खिशात गुंता होणे, आणि तो बोटांनी सुटत असे. २०१६ च्या आयफोन ७ मधून तिची खोबण काढली गेली, मग इतरांनीही वाट धरली. बडातली लिथियम बॅटरी हरभऱ्याएवढी आणि बहुधा चिकटवून बंद केलेली. दोन-तीन वर्षांत ती दमते. बदलता येत नाही, म्हणून चांगला बड कचऱ्यात जातो.

कळावे, लोभ असावा.

ता. क. – डावा बड रुळांत पडल्यास काही कंपन्या एकटा डावाही विकतात. मात्र नवा डावा आणि जुना उजवा यांची सोयरीक आधी जुळवावी लागते.