मफिनचा ट्रे आणि ओटीजीचे दार

मफिनचा ट्रे म्हणजे खळगे पाडलेला पत्रा. अप्पेपात्राशी त्याचे नाते दिसायला जवळचे, पण वागणूक वेगळी. अप्पेपात्राला आच फक्त खालून लागते, म्हणून अप्पा मध्येच उलटावा लागतो आणि त्या उलटण्यात घरातल्या ज्येष्ठांचा अधिकार सिद्ध होतो. मफिन चहूबाजूंनी भाजला जातो. उलटायला काहीच नसल्यामुळे भाजणे चालू असताना सल्ल्याला वाव राहत नाही. तो सगळा सल्ला मग ट्रे विकत घेतानाच देऊन टाकला जातो.

बाजारात मुख्यतः तीन मापे मिळतात. मिनी ट्रेला सहसा 24 खळगे असतात, प्रत्येकाचे तोंड साडेचार-पाच सेंटिमीटरचे आणि मावते जेमतेम 30 मिलिलिटर. नेहमीच्या, म्हणजे स्टँडर्ड ट्रेला 12 किंवा 6 खळगे, तोंड सुमारे 7 सेंटिमीटर, खोली 3 ते साडेतीन. जंबोला 6 खळगे, तोंड 9 सेंटिमीटरच्या आसपास, आणि एकेकात 180 ते 240 मिलिलिटर मावते. स्टँडर्ड म्हणवणाऱ्या दोन ट्रेंपैकी एकाच्या खळग्यात 80 मिलिलिटर मावते, तर दुसऱ्याच्या 120, आणि दोन्ही आपापल्या जागी निर्धास्त असतात. दुकानात पाणी ओतून पाहण्याची सोय नसते, तेव्हा तोंड आणि खोली पट्टीने मोजावी. दुकानदार बघत राहतो; त्याला बघू द्यावे.

माप खरे ठरवतो तो ओटीजी. हे यंत्र लिटरवर विकले जाते आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. लिटरचा आकडा आतल्या पोकळीचा असतो. ट्रेला हवी असते रुंदी आणि खोली. उंच ओटीजीत लिटर भरपूर असले तरी मफिन एकमेकांच्या डोक्यावर उभे राहत नाहीत. 12 खळग्यांचा ट्रे कडेच्या पट्ट्या धरून साधारण 35 बाय 27 सेंटिमीटर भरतो. लहान ओटीजीत तो एक तर शिरतच नाही, किंवा तिरका करून शिरतो आणि दार बंद होत नाही. मग दाराला खुर्ची लावली जाते, घरातले कोणीतरी गुडघ्याने ते दाबून धरते, आणि वीस मिनिटांनी गुडघा मफिनच्या आधी भाजून निघतो. ओटीजीच्या आतली जाळी टेपने मोजावी, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर वजा करावेत, आणि उरेल तेवढाच ट्रे घ्यावा. ती मोकळी जागा वाया जात नाही. ट्रेने जाळी पूर्ण झाकली तर खालच्या रॉडची गरम हवा वर येऊ शकत नाही; मफिनचे बूड करपते आणि डोके पांढरे राहते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांचा प्रश्न भूमितीचा आहे. आतली काचेची थाळी फिरते, तेव्हा ट्रेची रुंदी मोजून भागत नाही, कर्ण मोजावा लागतो. 35 बाय 27 च्या ट्रेचा कर्ण 44 सेंटिमीटर येतो; असा ट्रे पाव फेरी मारून भिंतीला टेकतो आणि यंत्र घरघरत राहते. 6 खळग्यांच्या 27 बाय 18 च्या ट्रेचा कर्णही 32 वर जातो. शाळेत पायथागोरसचा पुढे उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर या टप्प्यावर मिळते. गोल ट्रे किंवा सिलिकॉनचे सुटे साचे हा इथला सरळ उपाय. धातूचा ट्रे मात्र फक्त कन्व्हेक्शनवर आणि माहितीपुस्तिका परवानगी देत असेल तरच वापरावा. ती पुस्तिका सापडणे हा वेगळा विषय आहे.

ओटीजी लहान म्हणून 6 खळग्यांचा ट्रे घेतला, तर 12 मफिनच्या मिश्रणाचे दोन घाणे काढावे लागतात. बेकिंग पावडरचे मिश्रण थोडी वाट पाहते. दही आणि खाण्याचा सोडा घातलेले बिनअंड्याचे मिश्रण पाहत नाही, कारण दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडताच बुडबुडे सुटू लागतात आणि दुसऱ्या घाण्यापर्यंत त्यांतले बरेचसे निघून जातात. पहिला घाणा फुगतो, दुसरा बसतो. फुगलेले मफिन शेजारी पाठवले जातात आणि बसलेले घरचे लोक ‘चवीला छान आहेत’ म्हणत खातात. हे टाळायचे असेल तर निम्म्या प्रमाणात मिश्रण करावे, किंवा दुसऱ्या घाण्याचे कोरडे-ओले जिन्नस ऐन वेळी एकत्र करावेत.

माप बदलले की वेळही बदलते. 180 अंशांवर मिनी दहा-बारा मिनिटांत होतात, नेहमीचे अठरा ते बावीस मिनिटांत. जंबोच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला अर्धा तास लागू शकतो, म्हणून तापमान दहा अंशांनी उतरवावे. नाहीतर वरून करपलेला आणि आतून शिऱ्यासारखा ओला असा पदार्थ हाती येतो. खळगा दोन-तृतीयांशच भरावा.

खाणाऱ्यांचा विचार शेवटी करायचा असला तरी तो करावा लागतो. जंबो मराठी घरात अख्खा कोणी घेत नाही. ‘अर्धाच द्या’ असे प्रत्येक जण म्हणतो, आणि पाहुणे गेल्यावर फ्रिजमध्ये विषम संख्येने अर्धुके उरतात, ती कशी, याचा हिशेब लागत नाही. मिनीचे उलटे: ‘एकच घेते’ म्हणत सहा जातात आणि पथ्यही मोडत नाही. डब्यात द्यायला, चहाबरोबर द्यायला आणि मोजून पुरवायला नेहमीचे मापच बरे. इराण्याच्या हॉटेलातला मावा केकही साधारण त्याच मापात मुरलेला आहे.

धातूबद्दल थोडक्यात. गडद रंगाचा ट्रे लवकर तापतो व कडा लवकर तांबूस करतो. फिक्या ॲल्युमिनियमचा सबुरीने घेतो. नॉनस्टिकला तारेची घासणी लागली की तो नॉनस्टिक राहत नाही. सिलिकॉन भरल्यावर लडबडतो, म्हणून आधी ताटलीवर ठेवून मगच भरावा. कागदी वाट्या ट्रे घेतल्यानंतर घ्याव्यात. शंभराचा गठ्ठा आधी स्वस्तात घेणाऱ्यांना पुढे त्या मापाचा ट्रे शोधत फिरावे लागते.

ट्रे घेण्यापूर्वी ट्रॉलीतली जागाही पाहावी. 12 खळग्यांचा ट्रे कुठल्याच खणात बसत नाही. तो ओटीजीतच ठेवला जातो, आणि ओटीजी तापवायला लावल्यावर दहा मिनिटांनी तो आत असल्याचे आठवते.

एवढे करून कोणतेच माप जमत नसेल, तर घरातल्या स्टीलच्या वाट्या आहेतच. तोंडाशी पसरट वाटी निवडावी, तुपाचा हात फिरवून मैदा भुरभुरावा आणि वाट्या एका ताटात मांडून जाळीवर ठेवाव्यात. चकचकीत स्टील उष्णता परतवते, तेव्हा दोन-चार मिनिटे जास्त धरावीत. अडचण एवढीच की वाट्या वेगवेगळ्या लग्नांतल्या आहेराच्या असतात आणि एका मापाच्या सहा सहसा सापडत नाहीत. तळावर घातलेली नावे वाचून लहान-मोठ्या वेगळ्या कराव्यात. लहान वाट्या दाराच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे त्या आधी बाहेर काढता येतात.