नानांनी इथे चष्मा लावावा

मुक्काम लिस्बन

ती. नाना व सौ. आईंस सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात ‘मी-मी’च फार आणि बातमी कमी, अशी नानांची तक्रार आली. म्हणून हे पत्र वर्तमानपत्राच्या थाटात लिहिलं आहे. यात सूनबाई स्वतःलाही सूनबाईच म्हणतील. परवा आईंचा घाबरा फोन आला होता, ‘तिकडे परक्या माणसांना त्रास देतात म्हणे, आणि तो वेळेवर जेवतो का?’ तर चिरंजीव जेवतात. भरपूर जेवतात. सध्या ते भांडी घासत आहेत, म्हणून पेन सूनबाईंच्या हाती आहे.

पार्सल पोचलं. नागलीच्या पापडांचे वाटेत तुकडे झाले होते, पण तुकड्यांनाही चव तीच. चिरंजीवांनी आधी पापडांभोवतीचा तेलकट पेपर सरळ केला आणि जव्हार डेपोच्या नादुरुस्त गाड्यांची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. इतक्या कौतुकाने तर त्यांनी लग्नपत्रिकाही वाचली नव्हती.

रविवारी मंडळी पायी मोरारियात गेली. 1147 साली अफोन्सू एन्रिकेश राजाने लिस्बन जिंकलं आणि मागे राहिलेल्या मुसलमानांना किल्ल्याच्या पायथ्याशी, तटाबाहेर जागा दिली. तीच ही वस्ती. जिना चढून वळलं की पुढे आणखी एक जिना. आता इथल्या बेनफर्मोझू गल्लीत बांगलादेशी दुकानदार मिरच्या, कोथिंबीर नि भेंडी मांडून बसतात. जवळच चिनी किराणा, आणि थोडं वर चढलं की मोझांबिकचं जेवण. सूनबाईंनी हिंदीत भाव विचारला, दुकानदाराने हिंदीतच सांगितला, आणि घासाघीस यथासांग पार पडली. पोर्तुगीजच्या क्लासाची फी भरलेले चिरंजीव शेजारी पिशवी धरून उभे होते.

खाली साऊं दोमिंगूश चर्चसमोरच्या चौकात गिनी-बिसाऊची मंडळी दिवसभर गप्पा छाटत उभी असतात. त्यांच्या मधोमध एक दगडी स्मारक आहे. एप्रिल 1506 मध्ये या चर्चपासून पेटलेल्या दंगलीत ज्यूंची कत्तल झाली. त्यांना आधीच जबरदस्तीने ख्रिस्ती केलं होतं, तरी सोडलं नाही. स्मारक उभं राहिलं 2008 साली. तेव्हा आईंची काळजी अगदीच वेडी आहे, असं सूनबाई म्हणणार नाहीत. पण चौकातल्या एका आजीबाईंनी नानांच्या नातीच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले, हेही आईंना कळवायला हवं.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं.

इथे हॉटेलात टेकलात की वेटर न सांगता पावाची टोपली, लोणी, ऑलिव्ह आणि चीजचा तुकडा आणून ठेवतो. वर हसतोही. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं, तसंच असेल असं वाटून मंडळींनी ताव मारला. नातीने द्राक्ष समजून ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं. बिल आलं तर पाव वेगळा, लोणी वेगळं, चीज वेगळं, ऑलिव्ह वेगळे! सगळे मिळून सहा युरोंच्या वर. युरो सध्या शंभर रुपयांच्या आसपास आहे. बाकीचा हिशेब नानांनी करावा, पण आईंच्या देखत करू नये.

कायदा असा की, न मागता आणलेल्या पदार्थाला गिऱ्हाइकाने हात लावला नाही, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. हात लावलात की संपलं. थुंकलेलं ऑलिव्हही खाल्लेल्यातच जमा. तेव्हापासून टोपली आली की तिघंही हात मांडीवर ठेवून बसतात आणि वेटर ती उचलून नेईपर्यंत पावाकडे बघतात.

आता नदीपलीकडची बातमी. काइश दु सुद्रेच्या धक्क्यावरून काशिल्याशची फेरी दहाएक मिनिटांत तेजो नदी ओलांडते. तिकिटाचं कार्ड माणशी एक लागतं, नवरा-बायकोत एक चालत नाही. उजवीकडे 1966 चा लांबलचक पूल आणि पलतीरावर हात पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा.

नानांनी इथे चष्मा लावावा. पलीकडे उतरलं की जवळच ‘दों फर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’ ही शिडाची जुनी युद्धनौका आहे. ती बांधली दमणला, पाण्यात उतरली 1843 साली, आणि लाकूड होतं नगर हवेलीचा साग! जव्हारहून सिल्वासाला जाताना लागतं, तेच रान. 1954 साली नगर हवेली सोडवायला गेलेल्यांत सुधीर फडके होते, हे नाना दर ऑगस्टात सांगतात. साग मात्र शंभर वर्षं आधीच इकडे निघून आला होता. 1963 मध्ये नौका आगीत सापडली, वर्षानुवर्षं नदीच्या चिखलात पडून राहिली आणि 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी पुन्हा उभी केली.

चिरंजीवांनी एका तुळईवर हात फिरवला, नाक लावलं आणि म्हणाले, ‘आपल्या माळ्याचा वास येतो.’ सूनबाईंना डांबराचा येत होता, पण त्या बोलल्या नाहीत. परतीच्या बोटीत चिरंजीवही बोलले नाहीत. नात तेवढी विचारत होती, एवढं पाणी मोखाड्याच्या मामीआजीला का देत नाहीत? उन्हाळ्यात मामींच्या दारी टँकर येतो आणि वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, हे तिला कसं समजावायचं ते नानांनी कळवावं.

बाकी, थोरल्या भाऊजींनी घेतलेल्या प्लॉटला रस्ता आहे का, हे सही करण्याआधी बघायचं असतं. वहिनींनी मिक्सरवरून अबोला धरू नये. इथून नवं भांडं पाठवलं तर ते त्या मिक्सरला बसणार नाही. आणि मामांना सांगावं की गुडघे दुखत असताना बोहाड्याच्या उत्सवात नरसिंहाचं सोंग घेण्याचा हट्ट नको, भाच्याला द्यावं. कोणता भाचा ते मामांना कळेल. तो भांडी घासता घासता आत्ताच उड्या मारून बघतो आहे, खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन गेली. बोहाड्याची तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करावा, विमानाची तिकिटं रोज वाढतात.

आपली,
सूनबाई