शेजाऱ्याचीही गेली ना?

रात्री वीज गेली की घराघरांत पहिली चौकशी मेणबत्तीची होत नाही, शेजाऱ्याची होते. त्याच्याकडेही अंधार दिसला की निम्मं दुःख ओसरतं. जुन्नर-आंबेगावात मात्र हे समाधान दाराला कडी लावूनच उपभोगावं लागतं, कारण उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. माणिकडोह आणि डिंभे धरणांच्या पायथ्याशी वीजही तयार होते. अंधार तेवढा गावाच्या वाट्याला.

‘वीज गेली म्हणून काही बिबट्या येत नाही,’ असं शहाणे सांगतील. खरंच आहे, उलट वीज येते तेव्हा माणूसच त्याच्याकडे जातो. शेतीपंपांची थ्री-फेज पाळी रात्रीची असली की कडी लावून बसलेल्यालाच बॅटरी घेऊन उसात दारं धरायला निघावं लागतं. ‘रात्री विजेची मागणी कमी असते,’ हा हिशेबही चोख आहे. फक्त यंत्रणेचा हलका झालेला भार शेतकऱ्याच्या मानेवर येतो, आणि बिबट्याही नेमकी मानच धरतो. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. सूर्य तर त्याआधीपासून वेळेवर उगवतोच आहे. तेव्हा रात्री वीज गेली तर तक्रार जरूर करा. पण शेतात रात्री दोनला आली, तर ती आधी करा.