बरणीतला एसपीएफ

एप्रिल लागला की घरोघरी सनस्क्रीनचे कारखाने निघतात. खोबरेल, कोरफडीचा गर, चिमूटभर हळद. एखादी उत्साही मावशी वर लिंबूही पिळते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर अंगावर फोड उठू शकतात, डाग महिनोन्‌महिने हटत नाहीत. पण 'केमिकल नाही ना', मग झालं! खोबरेलाचा एसपीएफ प्रयोगशाळेत जेमतेम ७-८ भरला. बरणीवर ३० लिहायला मात्र पेन पुरतं. काही जाणकार झिंक ऑक्साइड आणतात. (तेही रसायनच, पण पांढरं, म्हणून सोवळं.) चमच्याने ढवळल्यावर त्याच्या गुठळ्या होतात: नाकाला संरक्षण, गाल वाऱ्यावर. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली तोंडाला घट्ट ओढणी गुंडाळून निघतात. ओढणीची रेसिपी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.